उडी आपली, घाई कोणाची?

आपल्या वस्तीतला एखादा पोरगा भिंतीवरून उडी मारतो, मित्राकडून तिचा व्हिडिओ काढून घेतो आणि मोबाइलवर टाकतो, तेव्हा वडीलधारी माणसे त्याला दोनच गोष्टी ऐकवतात. एक, हे माकडचाळे बंद कर. दुसरी, अभ्यासाला बस. या दोन्ही उपदेशांचा काही उपयोग होत नाही हे आता सगळ्यांना कळून चुकले आहे. हिंगोली असो, कळमनुरी असो की वसमत, पोरगा अभ्यासालाही बसत नाही आणि उडीही नीट शिकत नाही. काही वाचकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. शिष्यवृत्ती रखडलेली, नोकरभरती आटलेली, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही पोरांच्या उड्यांवर कसले लिहिता, असे ते विचारतील. ज्या घरातला हाताशी आलेला पोरगा पाय मोडून सहा महिने खाटेवर पडतो, त्या घराला जाऊन हा प्रश्न विचारावा.

या खेळाला पार्कूर म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचे मूळ लष्करी आहे. फ्रेंच शिपायांना भिंत, खंदक, ओंडका, दोर असे अडथळे ओलांडायला लावणारा जो रस्ता आखला जाई, त्याच्या नावातून हा शब्द आला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला एखादा सुभेदार तुमच्या गावात असेल तर त्याला विचारा. पार्कूर हे नाव ऐकून तो हसेल, पण अडथळ्यांचा रस्ता म्हटले की त्याला सगळे आठवेल. जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावणे, चढणे, उडी, तोल, ओझे उचलणे, पोहणे यांवर आधारलेली शिक्षणपद्धती मांडली. माणसाने बळकट व्हायचे ते कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचे सूत्र होते. पुढे व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या आणि लष्करी अनाथालयात वाढलेल्या रेमों बेल या मुलाने असाच सराव केला. दुबळे राहिलो तर येथे टिकणार नाही, एवढे त्याला कळले होते. मोठेपणी तो पॅरिसच्या अग्निशामक दलात गेला. त्याचा मुलगा दाविद बेल आणि दाविदचे सोबती यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या दक्षिणेला लिस आणि एव्री या गावांच्या भिंतींवर, जिन्यांवर, पुलांवर या सरावाला आजचे रूप दिले.

ही पोरे कोण होती हे आपण मुद्दाम पाहिले पाहिजे. त्यांतली कित्येक आफ्रिकेतून आणि व्हिएतनाममधून आलेल्या कुटुंबांतली होती. राहायला काँक्रीटच्या वसाहती. पॅरिस शहराच्या वेशीबाहेर गरीब आणि परक्या माणसांसाठी बांधलेल्या या वसाहती म्हणजे तिकडचे गावकुसाबाहेरचे वाडेच. क्लबची फी भरायला पैसा नाही, मैदान दुसऱ्याचे. मग ज्या भिंतींनी कोंडले होते त्याच भिंती त्यांनी सरावाला घेतल्या. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने यामाकासी हे नाव घेतले. ते नाव काँगोच्या लिंगाला भाषेतले आहे. बळकट शरीर, बळकट मन, बळकट माणूस असा त्याचा आशय सांगितला जातो. त्यांच्यावरचा सिनेमा २००१ मध्ये आला आणि जगभर गाजला. तेव्हा त्यांच्या सरावाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आधी दहा वर्षे भिंत आणि मग कॅमेरा, हा क्रम आपल्या पोरांना कोणी सांगितलेला नाही. ती मोबाइलवर फक्त शेवटचा भाग पाहतात.

आपल्याकडे हे कौशल्य नव्हते असे नाही. आपण ज्याला कोलांटउडी म्हणतो त्या शब्दातच कोल्हाटी या जमातीचे नाव बसले आहे. डोंबारी-कोल्हाट्यांची पोरे ढोलकीच्या तालावर दोरावरून चालत, बांबूवर तोल सांभाळत, हवेत गिरकी घेऊन दोन पायांवर उतरत. खेळ संपला की थाळी फिरे. गाव टाळ्या वाजवी, मूठभर जोंधळे टाकी आणि रात्र पडायच्या आत पाल उठवायला लावी. त्याच महाराष्ट्रात मल्लखांबालाही मोठी परंपरा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला वळण दिले आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. मल्लखांबपटूंच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. पण दोन शरीरे सारखीच लवचिक, सारखीच निडर असताना एका शरीराला आखाडा, गुरू आणि पदक मिळाले, दुसऱ्याच्या पुढे थाळी आली. हा फरक उडीतला नव्हता, जातीतला होता.

पारध्यांची गोष्ट तर याहून पुढची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मताच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी भिंत ओलांडली की ती चोरी. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या आणि पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेला का? पुण्यामुंबईच्या सोसायटीतल्या पोराने कठड्यावरून उडी मारली तर तो खेळाडू. बेड्यावरचा पोरगा त्याच कठड्यावर दिसला तर आधी फोन पोलिसांना जातो. नागराज मंजुळे यांच्या २०२२ मधल्या 'झुंड' या चित्रपटात नागपूरची झोपडपट्टी आणि शेजारचे कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून आपल्या पोराने स्वतःच्या उडीचा व्हिडिओ स्वतः काढावा, याला माझा विरोध नाही. उलट त्याने तो काढावाच. आपल्या शरीरांची चित्रे आजवर दुसऱ्यांनी काढली. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या ऊनामध्ये दलित तरुणांना अर्धनग्न करून मारले, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला आणि मोठ्या फुशारकीने पसरवला. मोबाइल तेव्हा त्यांच्या हातात होता. तोच मोबाइल आता वस्तीतल्या पोराच्या हातात आहे आणि तो त्यात आपले चांगले उभे असलेले, चांगले उतरलेले शरीर दाखवू पाहतो. ही साधी गोष्ट नव्हे. गाझातील खान युनिसच्या तरुणांनी २००५ च्या सुमारास पार्कूर सुरू केले ते कबरस्तानात आणि पडक्या इमारतींत. कोंडलेल्या पट्टीतून त्यांचे व्हिडिओ बाहेर गेले आणि आमच्या पोरांनाही अंग आहे, खेळ आहे, हे जगाला दिसले. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात त्या पट्टीची काय दशा झाली ते आपण पाहतोच आहोत.

माझे भांडण घाईशी आहे. आणि ही घाई पोराची नाही. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले, त्याची जागा रीलने घेतली, पण धंदा तोच राहिला. पंधरा-वीस सेकंदांत बघणाऱ्याचे बोट थांबले पाहिजे, एवढीच अट. शंभर वेळा जमिनीवर केलेला सराव कोणाचे बोट थांबवत नाही. दुसऱ्या मजल्याचा कठडा थांबवतो. त्या बोटाच्या थांबण्यावर जाहिरात कंपनीला मिळते. पोराला लाल बदाम मिळतात, आणि चुकला तर प्लास्टर. डोंबाऱ्याच्या थाळीत निदान जोंधळे तरी पडत होते.

२०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एका पडक्या इमारतीच्या कडेला एका हाताच्या आधाराने लोंबकळत रील काढली गेली. सुदैवाने कोणी पडले नाही, पण गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या डोंगरावर रीलसाठी गाडी मागे घेणारी तरुणी दरीत गेली आणि मेली. पुढच्याच महिन्यात रायगडमध्ये कुंभे धबधब्यापाशी आणखी एक जीव गेला. ही काही पार्कूर शिकणारी मंडळी नव्हती. पण धडा लागू होतो. आपल्या पोरांच्या बाबतीत त्याला दोन जास्तीच्या बाजू आहेत. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या पोरांचे स्वप्न खाकी वर्दीचे आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावे लागते. राखीव दलाला तर ५ किलोमीटर. एका रीलसाठी गुडघ्याची दोरी तुटली की हे सगळे संपले. आणि पाय वाचला पण गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तोच कागद आडवा येतो. श्रीमंताच्या पोराला वकील आहे, विमा आहे, दुसरी वाट आहे.

येथे धीर हा शब्द आला की चळवळीतला माणूस सावध होतो, आणि व्हायलाच हवा. धीर धरा, हे आपल्याला नेहमी दुसऱ्यांनी सांगितले. १९३० मध्ये काळारामाच्या दारात सांगितले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि नंतर धीर धरा, धीर धरा म्हणत १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात किती घरे जळाली याचा हिशेब वाचकांना आहे. तो धीर म्हणजे दुसऱ्याच्या सोयीसाठी आपण थांबणे. मी सांगतो तो धीर वेगळा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तेथे कोणी त्यांना थांबा म्हटले नव्हते. काम पुरे करायचे ठरले होते आणि त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा त्यांनी दिला. आपल्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, तेथे व्यायामाचा अर्थ दंड-बैठका नसून योग्य दिशेचा प्रयत्न असा आहे. पार्कूरच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकाच जागी येतात.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येऊ. यात पहिली शिकायची गोष्ट उडी नाही, उतरणे आहे. पायाच्या चवड्यांवर उतरायचे, टाच आपटायची नाही, गुडघे आणि कंबर वाकवून धक्का जिरवायचा, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. हे आधी सपाट जमिनीवर, मग एका विटेवरून, मग पायरीवरून. जोर जास्त असेल तर एका खांद्यावरून तिरकी लोळण घेऊन पुढे निघायचे. डोके आणि मणका जमिनीला लागता कामा नये. ही लोळण शिकायला कयाधूच्या काठची वाळू उत्तम, उपसा करणाऱ्यांनी शिल्लक ठेवली असेल तर. कुस्तीच्या तालमीत गेलेल्या पोराला ती लवकर साधते, कारण पडायचे कसे हे त्याला लाल मातीने आधीच शिकवलेले असते.

त्यानंतर चार पायांवर चालणे. दोन हात, दोन पाय टेकून, गुडघे जमिनीला न लावता वीस-पंचवीस पावले पुढे, तेवढीच मागे. दिसायला हास्यास्पद, पण खांदे, मनगट आणि पोट यांची जी कसोटी लागते ती दंडांनी लागत नाही. मग तोल. जमिनीवर विटांची ओळ मांडावी आणि तिच्यावरून चालावे, वळावे, बसावे, उठावे. मग नेमकी उडी, म्हणजे एका विटेवरून दुसऱ्या विटेवर दोन्ही पायांनी जाऊन तेथेच थिजल्यासारखे थांबणे. अंतर पावलांनी मोजावे आणि दहापैकी दहा वेळा साधल्याशिवाय वाढवू नये. दहापैकी नऊ म्हणजे साधले नाही, कारण उंचीवर तो दहावा आपल्याला शोधत येतो. कमरेएवढ्या कट्ट्यावर हात टेकून ओलांडणे, भिंतीला लोंबकळून वर चढणे, या गोष्टी त्यानंतरच्या. जेथून खाली उडी मारायची तेथे स्वतःच्या हातापायांनी चढून जाता आले पाहिजे, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतील असे मला वाटते. जिन्याने गच्चीवर जाऊन उडी टाकणारा पोरगा त्या उंचीसाठी तयार झालेला नसतो.

वेळ का लागतो, याचे कारण शरीरात आहे. नियमित सरावाने स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, ती फार सावकाश बळकट होते, तिला महिने लागतात. पोराला वाटते ताकद आली. ताकद आलेली असते, पण ती पेलणारी दोरी अजून कच्ची असते. गुडघ्याखाली आणि टाचेमागे दुखू लागते ते यामुळे. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. तेथे जबर मार बसला तर हाडाची वाढच बिघडू शकते. म्हणून लहान पोरांना उंचीवरून उड्या नकोतच. आठवड्यातून तीन दिवस सराव, मध्ये विश्रांती, झोप पुरी आणि पोटात शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी, जमले तर अंडे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, येथे गुडघ्याला प्लास्टर बांधावे लागते.

मार लागल्यावर आपल्याकडे आधी हळदीचा लेप. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जिल्ह्याला तिचा अभिमान असावा. पण तिच्या लेपाने मोडलेले हाड जागेवर बसत नाही. मुका मार आहे म्हणून पंधरा दिवस काढायचे आणि नंतर हाड वाकडे जुळले म्हणून नांदेडला धावायचे, हा प्रकार थांबला पाहिजे. पायावर भार टाकता येत नसेल, सूज उतरत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा.

आता व्हिडिओ. माझी सूचना अशी की पोरांनी एका उडीचा व्हिडिओ काढू नये, एका वर्षाचा काढावा. सरावाच्या पहिल्या दिवशी जसे जमेल तसे, अडखळत, पडत जे होईल ते टिपून ठेवावे. मग दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच जागी, त्याच हालचाली पुन्हा टिपाव्यात. फाइलला तारखेचे नाव द्यावे आणि मेमरी कार्डावर जपून ठेवावे. बारा महिन्यांनी हे बारा तुकडे एकापुढे एक लावले की जे तयार होते, ते कोणत्याही गच्चीवरच्या रीलपेक्षा बघण्यासारखे असते, आणि ते खोटे करता येत नाही. एका दिवसात ते बनवताच येत नाही, त्यामुळे कंपनीची घाई त्याला लागू होत नाही.

तांत्रिक बाबी थोड्याच आहेत. मोबाइल आडवा धरावा आणि दोन विटांमध्ये टेकवून स्थिर ठेवावा. बाजूने घ्यावे, कारण समोरून घेतले तर अंतर आणि गुडघ्याचा कोन कळत नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळे शरीर चौकटीत हवे आणि उतरण्याची जागाही. ऊन मोबाइलच्या पाठीमागून यावे. उडी सुरू झाल्यापासून पाय स्थिर होईपर्यंत मध्ये कापाकापी नको. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर ते दिखाव्यापेक्षा तपासणीसाठी वापरावे. पाय आत वळला का, टाच आधी लागली का, हे डोळ्याला दिसत नाही, तेथे दिसते. आणि गाणे लावू नये. लावायचेच असेल तर शेवटी लावावे. कारण मूळ आवाजात एक मोजमाप असते. पाय धप्पकन आपटला की धक्का हाडाने घेतला, आवाज कमी झाला की तो स्नायूंनी घेतला. पहिल्या महिन्याचा आवाज आणि सहाव्या महिन्याचा आवाज ऐकून पाहा, प्रगती कानांना कळते.

जे मोबाइल नसताना पुष्कळ वेळा साधले आहे तेच मोबाइलसमोर करायचे. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा काही करायचे नाही. अंगात थकवा आलेला असतो, अंधारत असते आणि मोबाइल धरणारा मित्र म्हणतो, अजून एकदा, फक्त एकदा. पाय मोडतो तो बहुधा याच एकदाला. म्हणून ज्याच्या हातात मोबाइल त्याने जागा आधी तपासावी. वीट हलते का, शेवाळ आहे का, खाली काच किंवा सळई आहे का, हे पाहावे, आणि नको वाटले तर व्हिडिओ बंद करण्याचा अधिकार त्याला असावा. न मारलेल्या उडीबद्दल कोणी कोणाला भित्रा म्हणू नये, हा करार गटाने आधीच करावा.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. भिंत कोणाची आहे, हे गावात नुसत्या मालकीचे प्रकरण नसते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा जीव गेला तो मोबाइलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. जून २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात बोंढार हवेलीच्या तरुणाचा खून झाला, त्याच्या मागे गावात काढलेली भीमजयंती होती. अशा मुलखात पाटलाच्या वाड्याच्या कंपाउंडवर किंवा देवळाच्या शिखराजवळ उडी मारून तिचा व्हिडिओ टाकणे म्हणजे एकट्या पोराने सगळ्या वस्तीच्या वतीने निर्णय घेणे. संघर्ष करायचा तेथे तो संघटनेने, दिवसाढवळ्या, मागणी लिहून करावा. उडीचा सराव त्यात घुसडू नये. आणि दुसऱ्या कोणाची आई-बहीण अंगणात वावरत असताना मागे तिचे चित्र येईल असा व्हिडिओ काढू नये.

मुलींचे काय, असे कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने ८०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरी आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. पळणे चालते, भिंतीवर चढणे चालत नाही, हा कोणता न्याय? त्यांना वेगळी वेळ आणि मोठ्या बाईची सोबत द्यावी. व्हिडिओ टाकायचा की घरातच ठेवायचा हे त्यांनी ठरवावे, भावाने नव्हे. टाकला तर खाली येणाऱ्या घाणेरड्या शेऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी गटातल्या पोरांचीही आहे. शेरे आले म्हणून मुलीचा सराव बंद करायचा, हा आपल्या घरातला मनुवाद आहे.

राहिली चळवळ. १९२७ पासून समता सैनिक दलाची परंपरा असलेल्या समाजाला शरीर कमवण्याचे महत्त्व पटवावे लागू नये. आपल्या जयंती मंडळांची वर्गणी कुठे जाते ते सर्वांना माहीत आहे. एका रात्रीच्या डीजेला जे भाडे मोजले जाते, त्यात समाजमंदिरामागे एक वाळूचा खड्डा होतो. पंक्चरवाल्याकडचे निकामी टायर अर्धे पुरून अडथळे होतात. दोन लोखंडी पाइप आडवे बसवून लोंबकळण्याची सोय होते आणि एक प्रथमोपचाराची पेटी येते. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही. दोनऐवजी एक डीजे लावा. गावातला निवृत्त फौजी, राखीव दलातून घरी आलेला जमादार किंवा शाळेतले खेळाचे गुरुजी, यांपैकी कोणी आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर उभे राहायला तयार होईल. त्यांना कोणी मानाने बोलावत नाही, एवढीच अडचण आहे. नगर परिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे जागेसाठी लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी.

आणि जयंतीच्या आठवड्यात एक संध्याकाळ या पोरापोरींच्या वर्षभराच्या व्हिडिओंना द्यावी. प्रोजेक्टर शाळेकडून मागता येतो, पडद्याला पांढरी चादर चालते. पडलेले प्रसंग कापू नयेत. ज्या आईने वर्षभर आरडाओरडा केला, तिला पुढच्या रांगेत बसवावे, म्हणजे पोरगा रोज संध्याकाळी कुठे जात होता हे तिला दिसेल.